आधी होकार, मग दुरुस्ती : बॉस्टन, १७८८

६ फेब्रुवारी १७८८ रोजी बॉस्टनमधल्या एका चर्चमध्ये ३५५ प्रतिनिधींनी मतदान केलं. अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने १८७ मतं पडली, विरुद्ध १६८. दहा जणांनी बाजू बदलली असती तर मॅसॅच्युसेट्स राज्याने घटना फेटाळली असती, आणि मग न्यूयॉर्क किंवा व्हर्जिनियाला कोणी राजी केलं असतं असं वाटत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचे निसर्गदत्त हक्क, फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूची सत्ताविभागणी, लोकांचं सार्वभौमत्व, शासितांची संमती हे विचार पाठ्यपुस्तकात एकाच परिच्छेदात गुण्यागोविंदाने नांदतात. बॉस्टनमध्ये ते एकमेकांच्या अंगावर आले. घटनेचे समर्थक आणि विरोधक एकाच परंपरेतली वाक्यं एकमेकांना ऐकवत होते. या कोंडीतून जी वाट निघाली तिच्यातूनच पुढे हक्कांची सनद आली. ती वाट कशी सापडली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात पाहू.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरची तेरा राज्यं एका सैलसर कराराने बांधलेली होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्यं दुर्लक्ष करायची. १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात परिषद भरली ती हा करार दुरुस्त करायला. सप्टेंबरमध्ये ती उठली तेव्हा हातात साफ नवी घटना होती.

या परिषदेच्या शेवटच्या आठवड्यात एक निर्णय झाला आणि पुढचा सगळा घोळ त्यातून निघाला. १२ सप्टेंबरला व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने सुचवलं की घटनेच्या सुरुवातीला नागरिकांच्या हक्कांची सनद असावी, राज्यांच्या सनदी समोर आहेतच, काही तासांत मसुदा होईल. १७७६ ची व्हर्जिनियाची हक्कसनद मुख्यतः त्याच्याच हातची, त्यामुळे हा अंदाज हवेतला नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीने तसा ठराव मांडला. कनेक्टिकटचा रॉजर शर्मन म्हणाला की राज्यांच्या सनदी शाबूत आहेत, तेवढं पुरे. एकाही राज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं नाही. चार महिन्यांच्या उकाड्याने आणि वादाने सगळे थकले होते, हे कारण नेहमी दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आपण बनवलेल्या यंत्रणेत सत्ता आधीच इतकी विभागली आहे की वेगळी सनद लागणार नाही, असा त्यातल्या अनेकांचा प्रामाणिक विश्वास होता. पाच दिवसांनी घटनेवर सह्या झाल्या. मेसन, गेरी आणि व्हर्जिनियाचाच एडमंड रँडॉल्फ यांनी सही केली नाही.

घटना अमलात यायला नऊ राज्यांची मान्यता हवी होती, आणि ती विधिमंडळांनी द्यायची नव्हती. त्यासाठी लोकांनी खास निवडलेल्या परिषदा भरायच्या होत्या. ही कल्पना मॅसॅच्युसेट्सच्याच मातीतली होती. १७७६ च्या ऑक्टोबरमध्ये काँकर्ड गावच्या सभेने ठराव केला होता की घटना बनवायचं काम विधिमंडळाने करू नये. जी सभा घटना बनवते तीच ती बदलूही शकते, मग तिच्यापासून नागरिकाला संरक्षण ते काय राहिलं? राज्याने तेव्हा ऐकलं नाही. विधिमंडळाने बनवलेली घटना १७७८ मध्ये गावोगावच्या सभांपुढे गेली आणि पाचास एक अशा प्रमाणात पडली. तिच्यात हक्कांची सनद नव्हती, हा एक मोठा आक्षेप होता. न्यूबरीपोर्टचा तरुण वकील थिऑफिलस पार्सन्स याने लिहिलेल्या निवेदनात तो नीट मांडलेला आहे. पार्सन्स हे नाव लक्षात ठेवावं.

मग १७७९ मध्ये खास परिषद भरली, जॉन अॅडम्सने मसुदा केला, सुरुवातीलाच हक्कांची सनद आली आणि १७८० मध्ये गावांनी घटना स्वीकारली. म्हणजे या राज्यातल्या शेतकऱ्यांनी आठ-दहा वर्षांत दोन घटना वाचल्या होत्या, एक फेकून दिली होती आणि एक घेतली होती. त्यांना तिसरी वाचायला शिकवण्याची गरज नव्हती.

त्यातच १७८६-८७ चा उठाव ताजा होता. पश्चिमेकडचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज आणि इतरांच्या नेतृत्वाखाली न्यायालयं बंद पाडत होते, कारण न्यायालय भरलं की जप्ती यायची. सरकारने सैन्य पाठवून उठाव मोडला. पुढच्या निवडणुकीत गव्हर्नर जेम्स बोडन पडला आणि जॉन हँकॉक आला.

अडचण

९ जानेवारी १७८८ ला राज्याची परिषद भरली तोवर पाच राज्यांनी घटना स्वीकारली होती. इथे मात्र समर्थकांच्या स्वतःच्या मोजणीतही बहुमत विरुद्ध होतं. किनाऱ्यावरची शहरं, व्यापारी, वकील, धर्मोपदेशक आणि बॉस्टनचे कारागीर बाजूने. आतला शेतकरी भाग विरुद्ध. शेवटच्या मतदानातही बॉस्टन ज्यात येतं त्या सफक काउंटीने ३४ विरुद्ध ५ असा कौल दिला, आणि उठावाचा भाग असलेल्या वुस्टर काउंटीने ७ विरुद्ध ४३.

विरोध नुसत्या अडाणीपणातून आलेला नव्हता, तसं रंगवायला समर्थकांना आवडायचं एवढंच. प्रजासत्ताक छोट्या प्रदेशातच टिकतं, हे माँतेस्क्यूचं मत त्या काळी जवळपास सर्वमान्य होतं. मग जॉर्जियापासून मेनपर्यंत एकच कायदे करणारं सरकार प्रजासत्ताक कसं राहणार? मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी निवडणूक व्हायची. नव्या घटनेत प्रतिनिधी दोन वर्षांसाठी आणि सिनेटर सहा वर्षांसाठी निवडले जाणार होते. काँग्रेसला थेट कर बसवता येणार होता. सॅम्युअल अॅडम्ससारखा क्रांतीचा जुना म्होरक्यासुद्धा डिसेंबरमध्ये एका पत्रात लिहून बसला होता की आपण उंबरठ्यावरच अडखळतो: सार्वभौम राज्यांचा संघ असेल असं वाटलं होतं, समोर दिसतं आहे राष्ट्रीय सरकार. गुलामांच्या व्यापाराला १८०८ पर्यंत दिलेली मुभाही काहींना टोचत होती. १७८० च्या घटनेतल्या ‘सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान’ या वाक्यावर बोट ठेवून राज्याच्या न्यायालयाने १७८३ मध्ये गुलामगिरीचा कायदेशीर आधारच काढून घेतला होता.

सगळ्यात जास्त बोललं जात होतं ते हक्कांच्या सनदीबद्दल. समर्थकांचं ठरलेलं उत्तर पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सनने ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या भाषणात दिलं होतं. राज्यांच्या सरकारांना लोकांनी सरसकट अधिकार दिले, म्हणून तिथे अपवाद लिहून ठेवावे लागले. नव्या सरकारला फक्त मोजके अधिकार दिले आहेत. जे दिलंच नाही ते राखून ठेवण्याची गरज काय? शिवाय राजाकडून सनद मागायची असते, इथे राजा कुठे आहे? लोकच मालक आहेत. विचार म्हणून हे सुबक आहे. पण त्याला एक भोक होतं आणि ते विरोधकांनी लगेच हेरलं. फौजदारी खटल्यात ज्युरी मिळेल आणि बेकायदा कैदेविरुद्ध दाद मागता येईल, हे घटनेतच लिहिलं होतं. गरज नव्हती तर हे दोन हक्क का लिहिले? आणि हे दोन लिहिले म्हणजे बाकीचे गेले असं समजायचं का?

२५ जानेवारीला सटन गावचा एमॉस सिंगलटरी उभा राहिला. हे वकील, हे शिकलेले, हे पैसेवाले इतकं गोड बोलतात, पण सत्ता आणि पैसा हाती आला की आम्हा लहान माणसांना गिळून टाकतील, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. त्याला उत्तर कोणा वकिलाने दिलं नाही. दिलं लेन्सबरोच्या जोनाथन स्मिथ नावाच्या शेतकऱ्याने. मी नांगरावर पोट भरणारा साधा माणूस आहे, असं सांगून त्याने उठावाच्या काळात आपल्या भागात काय हाल झाले ते सांगितलं आणि विचारलं: दोघातिघांनी मिळून माळरान फोडलं, गहू पेरला, आता कुंपण कुठल्या प्रकारचं करायचं यावर एकमत नाही म्हणून पीक तसंच उघडं टाकायचं का?

सिंगलटरी अधिकाऱ्याला घाबरत होता, स्मिथ बेबंदशाहीला. दोघांनाही भीतीचं कारण एकाच वर्षात, एकाच उठावात मिळालेलं होतं.

समोर असलेले पर्याय

घटना जशी आहे तशी स्वीकारणं हा समर्थकांचा आवडता पर्याय. पण मतं नव्हती. पेनसिल्व्हेनियात बहुमताच्या जोरावर तसं केलं होतं. तिथे अल्पमताने सुचवलेल्या दुरुस्त्या कामकाजाच्या नोंदीतसुद्धा घेतल्या नाहीत, मग अल्पमताने आपलं निवेदन छापून वाटलं आणि कार्लाइल गावात दंगल झाली. हे बॉस्टनला माहीत होतं.

सरळ फेटाळायची तर राज्य उद्या एकटं पडलं असतं, आणि जुना करार किती कुचकामी आहे हे विरोधकही मान्य करत. त्यांना स्वतःला हवी होती ती अट: आधी दुरुस्त्या करा, मगच आमची मान्यता. ऐकायला वाजवी. पण प्रत्येक राज्याने स्वतःची अट घातली तर तेरा वेगवेगळ्या घटना मान्य झाल्या असत्या, म्हणजे एकही नाही. त्यावर उपाय म्हणून रँडॉल्फसारखे लोक दुसऱ्या राष्ट्रीय परिषदेचं नाव घेत. घटनेच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनला तिची धास्ती होती. पहिल्या परिषदेत छोट्या-मोठ्या राज्यांचा वाद कसाबसा मिटला होता. दुसरीत सगळे आपापल्या गावच्या सूचना खिशात घालून आले असते.

उरला पाचवा पर्याय. घटना विनाअट स्वीकारायची, पण त्याच ठरावात दुरुस्त्यांची शिफारस करायची आणि पहिल्या काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधींना त्यासाठी झटायला बजावायचं. याचा सगळा भार घटनेच्या पाचव्या कलमावर होता: काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि राज्यांपैकी तीन चतुर्थांश यांच्या संमतीने दुरुस्ती. घटना ही एकदाच कोरलेली शिला नसून पुढच्या लोकांना ती बदलता येते, हा विचार इथे तोडगा म्हणून वापरला गेला. (डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात नेमका हाच मुद्दा जेफर्सनचा आधार देऊन मांडला होता: कुठल्याही पिढीला पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा हक्क नाही.)

पण शिफारस म्हणजे शब्द. तो पाळला जाईल याची हमी कोण देणार?

प्रत्यक्षात काय केलं

समर्थकांनी पहिल्यांदा वेळ विकत घेतला. घटना कलमाकलमाने वाचायची आणि संपूर्ण चर्चा होईपर्यंत मतदान घ्यायचं नाही, असं ठरवून घेतलं. पहिल्या आठवड्यात मतदान झालं असतं तर खेळ संपला असता. परिषदेत निवडून न आलेल्या गेरीला प्रश्नांची उत्तरं द्यायला बोलावण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली, पण तो न विचारता बोलू लागल्यावर जुंपली, आणि तो निघून गेला तो परतला नाही.

बाहेरून दबाव आला तो कारागिरांचा. ग्रीन ड्रॅगन खानावळीत बॉस्टनच्या कारागिरांनी सभा घेऊन घटनेला पाठिंबा दिला. पॉल रिव्हिअर त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. सॅम्युअल अॅडम्सची राजकीय ताकद याच लोकांवर उभी होती. जानेवारीत त्याचा तरुण मुलगाही वारला. तो बराच काळ गप्प होता.

हँकॉक परिषदेचा अध्यक्ष निवडला गेला होता, पण संधिवाताचं कारण देऊन घरी बसला होता. वारा कुठे वाहतो ते कळेपर्यंत त्याचा संधिवात बरा होत नाही, अशी कुजबुज होती. समर्थक त्याच्या घरी गेले आणि सौदा झाला: पुढच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत बोडनचे लोक त्याला साथ देतील, आणि व्हर्जिनिया संघाबाहेर राहिली तर वॉशिंग्टनही बाहेर, मग राष्ट्राध्यक्षपदासाठी हँकॉकशिवाय कोण? समर्थकांपैकीच एक असलेल्या रूफस किंगच्या पत्रात हे जवळपास उघड लिहिलेलं आहे. लोकशाहीच्या स्थापनेचा इतिहास सांगताना हा भाग अवघडून सांगितला जातो. मला त्यात अवघडण्यासारखं दिसत नाही. महत्त्वाकांक्षेला महत्त्वाकांक्षेनेच आवर घालावा, हे मॅडिसन त्याच सुमारास घटनेच्या समर्थनासाठी छापल्या जाणाऱ्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ५१व्या लेखात लिहीत होता. बॉस्टनच्या लोकांनी तिच्याकडून काम करून घेतलं.

जानेवारीच्या अखेरीस हँकॉकला उचलून सभागृहात आणलं. ३१ तारखेला त्याने नऊ दुरुस्त्या मांडल्या, जनतेची भीती आणि शंका दूर व्हाव्यात म्हणून. त्या बहुधा पार्सन्सने लिहून दिल्या होत्या; दहा वर्षांपूर्वी सनदीवाचून घटना नको म्हणणारा तोच पार्सन्स. सॅम्युअल अॅडम्सने लगेच पाठिंबा दिला, आणि तराजू हलला.

काही प्रतिनिधींपुढे आणखी एक पेच होता. त्यांच्या गावाने ‘विरुद्ध मत द्या’ असं सांगून पाठवलं होतं. प्रतिनिधी म्हणजे गावाचा निरोप्या, की ऐकून-समजून मत बनवणारा? अँडोव्हरचा वकील विल्यम सिम्स घटनेविरुद्ध बोलला होता. दुरुस्त्यांनंतर त्याने बाजूने मत दिलं आणि गावाचा रोष ओढवून घेतला. असे मोजके लोक फिरले आणि १९ मतांचं अंतर तयार झालं.

परिणाम

लगेच दिसला तो हरणाऱ्यांच्या वागण्यात. तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग असलेल्या मेनमधून आलेला विल्यम विजरी शेवटपर्यंत विरोधात होता. मतदानानंतर तो म्हणाला की मी हरलो, पण गावी जाऊन एकोप्याचंच बी पेरीन. आणखी काहींनी तसंच सांगितलं. आपलं म्हणणं नोंदलं गेलं, त्याला ठरावात जागा मिळाली, म्हणून हे शक्य झालं. पेनसिल्व्हेनियात हेच चुकलं होतं. ज्या गल्लीत परिषद भरली तिला पुढे फेडरल स्ट्रीट हे नाव मिळालं.

नंतर साउथ कॅरोलायना, न्यू हॅम्पशर, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क यांनी याच पद्धतीने मान्यतेसोबत दुरुस्त्यांची शिफारस केली. २१ जूनला न्यू हॅम्पशर नववं राज्य ठरलं. व्हर्जिनियात ८९-७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३०-२७ अशी मतं पडली. हा मधला रस्ता नसता तर तिथे काय झालं असतं ते दिसतंच आहे. जेफर्सन पॅरिसमध्ये बसून आधी म्हणत होता की नऊ राज्यांनी होकार द्यावा आणि चारांनी सनद मिळेपर्यंत अडून राहावं. बॉस्टनची बातमी कळल्यावर त्याने मत बदललं आणि मॅसॅच्युसेट्सची युक्ती जास्त चांगली असं लिहिलं.

शब्द पाळला गेला, पण वेगळ्या रूपात. मॅडिसनने ८ जून १७८९ ला काँग्रेसमध्ये दुरुस्त्या मांडल्या. त्यांतून बारा दुरुस्त्या राज्यांकडे मान्यतेसाठी गेल्या आणि त्या बारांपैकी दहा १५ डिसेंबर १७९१ ला लागू झाल्या. बॉस्टनच्या नऊ मागण्यांशी त्या ताडून पाहिल्या तर मौज आहे. बॉस्टनने मुख्यतः सत्तेच्या मोजमापाच्या गोष्टी मागितल्या होत्या: थेट कर शेवटचा उपाय म्हणूनच, निवडणुकांमध्ये काँग्रेसची ढवळाढवळ नको, व्यापारी कंपन्यांना मक्तेदारी नको. यांतलं काहीच आलं नाही. ज्युरीबद्दलच्या मागण्या आल्या. धर्मस्वातंत्र्य आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य, ज्यासाठी आज ही सनद ओळखली जाते, ते बॉस्टनच्या यादीत नव्हतंच. शेवटच्या दिवशी सकाळी सॅम्युअल अॅडम्सने ते घालायचा प्रयत्न केला होता, पण जुळून आलेला हिशेब विस्कटेल या भीतीने सभागृहात खळबळ उडाली आणि तो प्रस्ताव टिकला नाही.

पहिली मागणी होती की ‘स्पष्टपणे’ न दिलेले सगळे अधिकार राज्यांकडे राहावेत. दहाव्या दुरुस्तीत ही तरतूद आली, ‘स्पष्टपणे’ मात्र वगळून. काँग्रेसमध्ये तो शब्द घालण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बँकेच्या खटल्यात केंद्राचे अध्याहृत, म्हणजे न लिहिलेले पण गृहीत धरलेले, अधिकार मान्य केले, तेव्हा या गाळलेल्या शब्दावर बोट ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा अर्थात १२ सप्टेंबर १७८७. मेसनचे ते काही तास दिले असते तर मेसन आणि गेरी दोघेही सही करते झाले असते असं मी म्हणणार नाही, त्यांचे इतरही आक्षेप होते. पण विरोधकांच्या हातातलं सगळ्यात सोपं, गावच्या सभेत कोणालाही दोन वाक्यांत समजणारं हत्यार गेलं असतं. याची दुसरी बाजूही आहे. त्या थकलेल्या आठवड्यात घाईने लिहिलेली सनद बहुधा राज्यांच्या सनदींची नक्कल झाली असती, आणि तिच्यात ‘असावं’, ‘होऊ नये’ अशी सदिच्छेची भाषा असती. १७८९ मध्ये मॅडिसनने न्यायालयात लागू करता येतील अशी वाक्यं केली.

दुसरी जागा पाठपुराव्याची. ठराव करणाऱ्या मॅसॅच्युसेट्सने स्वतःच्या प्रतिनिधींना बजावलं खरं, पण कोणती मागणी आधी, कोणती सोडायची नाही, हे ठरवलं नाही. त्यामुळे निवड मॅडिसनच्या हाती गेली, आणि त्याने सरकारच्या अधिकारांना धक्का न लावणाऱ्या मागण्या निवडल्या. पुढे दुरुस्त्या मान्यतेसाठी परत आल्या तेव्हाही तेच. १७९० मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी बहुतेक दुरुस्त्यांना होकार दिला, पण औपचारिक काम पुरं झालं नाही. मॅसॅच्युसेट्सची अधिकृत मान्यता आली ती १९३९ मध्ये.

तिसरी गोष्ट मॅडिसनला तेव्हाच दिसली होती. विवेकस्वातंत्र्य, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि ज्युरी यांवर राज्यांनीही घाला घालू नये, अशी एक दुरुस्ती त्याने मांडली होती, आणि सगळ्यांत मोलाची हीच असं तो म्हणाला होता. प्रतिनिधिगृहाने ती मान्य केली, राज्यांची बाजू सांभाळणाऱ्या सिनेटने काढून टाकली. बॉस्टनच्या चर्चेत सगळं भय दूरच्या सरकारचं होतं. जवळच्या सरकारकडून कोणाला त्रास होईल हा विचार फारसा कोणी केला नाही. १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही सनद फक्त केंद्राला बांधते, राज्यांना नाही. त्या वर्षापर्यंत खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी सक्तीचा कर होता, आणि दक्षिणेतल्या राज्यांत गुलामगिरीविरुद्ध छापण्याचं स्वातंत्र्य मागायला ही सनद उपयोगी पडली नाही. राज्यांना बांधणारी चौदावी दुरुस्ती यायला यादवी युद्ध आणि १८६८ साल उजाडावं लागलं.